सकाळी नीट भाजणारं कॉफीचं यंत्र संध्याकाळी का बिघडतं?

माझा भाचा कोथरूडला राहतो. २०२५च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका कॉफीचा भाव पौंडाला ४ डॉलरच्या वर गेला, तोवरचा उच्चांक. नंतर इथल्या दुकानांतल्या पाकिटांवरचे आकडेही बदलायला लागले. तेव्हा त्याने ठरवलं, बिया हिरव्या आणायच्या आणि घरीच भाजायच्या. चिकमगळूरच्या पाच किलो बिया आणल्या, गरम हवेवर चालणारं पॉपकॉर्नचं मशीन आणलं, आणि पहिल्याच रविवारी सकाळी मला आणून दिलेली कॉफी खरंच सुरेख होती.

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. "मामा, सकाळी भाजली की झकास होते. संध्याकाळी ऑफिसातून येऊन भाजली की खालच्या बिया करपतात आणि वरच्या कच्च्या राहतात. हीटर जास्त तापतोय. त्याला कमी करायचं काहीतरी सांग."

हीटर जास्त तापत नव्हता, कमी तापत होता. मी तीस वर्षं भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांवर काढली. लोखंडाचे गिअर असोत की कॉफीच्या बिया, लक्षण एकीकडे दिसतं आणि दोष दुसरीकडे असतो, हे तिथे पुन्हा पुन्हा पाहिलं. पॉपकॉर्न मशीन, ओव्हन किंवा ब्रेड मशीन घेऊन घरी भाजणारे पुण्यात आता बरेच झालेत आणि जवळपास सगळे त्याच चार-पाच ठिकाणी अडतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

बी भाजते म्हणजे नेमकं काय होतं

हिरव्या बीमध्ये साधारण १० ते १२ टक्के पाणी असतं. भाजताना आधी हे पाणी जातं. बी हिरवी असते ती पिवळी होते, गवतासारखा वास जाऊन भाजक्या पावासारखा वास येतो. १५० अंशांच्या आसपास ती तांबूस व्हायला लागते. भाकरीला डाग पडतात किंवा कांदा परतताना रंग धरतो, तीच ही रासायनिक क्रिया. आत वाफ आणि कार्बन डायऑक्साइड कोंडत जातो आणि १९६ ते २०५ अंशांच्या दरम्यान बी तडकते. भाजणारे याला फर्स्ट क्रॅक म्हणतात. मी पहिला तडतडाट म्हणेन. शेंगदाणे कढईत फुटतात तसाच आवाज येतो. इथून पुढे कधीही थांबलं तरी पिण्याजोगी कॉफी मिळते. २२५च्या पुढे दुसरा, बारीक आणि भराभर तडतडाट होतो. तिथवर गेलं की बी काळी आणि तेलकट व्हायला लागते.

आणखी एक गोष्ट. उष्णता बीला सारखी मिळत राहावी लागते. कात्रजच्या घाटात भरलेली बस चढत असते तोवर चढते. चढावर थांबली की पुन्हा उचलताना जीव जातो. पहिल्या तडतडाटाच्या अलीकडे बी अशी अडकली तर ती शेवटी तपकिरी होते खरी, पण चव सपक लागते. रंग बरोबर आणि चव मेलेली, अशी तक्रार असेल तर दोष बियांचा नसतो, चढावर बस थांबलेली असते.

पॉपकॉर्नचं मशीन कशासाठी बनलंय

मक्याचा दाणा साधारण १८० अंशांना फुटतो. फुटला की हलका होतो आणि हवेबरोबर आपोआप बाहेर पडतो. सगळं काम दोन-तीन मिनिटांत संपतं. म्हणजे मशीन बनवणाऱ्याने हिशोब केला तो एवढाच: थोडे दाणे, थोडा वेळ, मग विश्रांती.

आपण त्यात काय करतो? दाण्यापेक्षा जास्त तापणारी वस्तू घालतो, ती बाहेर उडून जात नाही, आणि सहा-आठ मिनिटं यंत्र सलग चालवतो. पहिला घाणा निघाला की लगेच दुसरा. यंत्राचा जो भाग कुरकुरतो तो बहुतेक वेळा बिघडलेला नसतो, त्याला त्याच्या हिशोबाबाहेरचं काम दिलेलं असतं. दुरुस्तीला हात घालण्याआधी हा प्रश्न विचारला तर निम्मे सुटे भाग विकत आणायची गरज पडत नाही.

आता त्याच्या आत काय आहे ते पाहू, कारण भाच्याचं कोडं तिथेच आहे. बऱ्याच स्वस्त मशीनमध्ये पंख्याची मोटर वीसेक व्होल्टची, डीसी असते, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालणारी. घरातली वीज एसी, सारखी दिशा बदलणारी. तिला घरातल्या २३० व्होल्टवरून खाली आणायला वेगळा ट्रान्सफॉर्मर नसतो. हीटरच्याच तारेचा एक लहान तुकडा मोटरच्या आधी जोडलेला असतो. बाकीचे व्होल्ट तो खातो आणि चार डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, एसीचं डीसी करतात. साधी, स्वस्त आणि हुशार रचना. पण तिच्यामुळे पंखा आणि हीटर एकाच दोरीला बांधले जातात.

इथे एक धोका आत्ताच सांगून ठेवतो. मोटरवर वीस व्होल्ट आहेत म्हणून त्या वायरना हात लावायला हरकत नाही, असं समजू नका. ती वायर घरच्या मेन लाइनला थेट जोडलेली आहे. प्लग काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

संध्याकाळचं कोडं

भाच्याला म्हटलं, मल्टिमीटर घे आणि स्वयंपाकघरातल्या त्या सॉकेटचं व्होल्टेज मोज. सकाळी सातला मशीन सुरू असताना २३४. संध्याकाळी आठला, सगळ्या सोसायटीचे गीझर, इस्त्र्या आणि एसी सुरू असताना, २०९.

२३४चे २०९ म्हणजे दहा-अकरा टक्क्यांची घट. एवढ्याने काय होतंय, असं वाटतं. पण हीटरची उष्णता म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. व्होल्टेज पडलं की करंटही त्याच प्रमाणात पडतो, म्हणजे घट दोनदा लागते. गणित केलं तर १२०० वॉटचं मशीन सकाळी सुमारे १२४० वॉट देत होतं आणि संध्याकाळी ९९०. पाचवा भाग उष्णता गायब.

मग करपतं कसं? दोरीचं दुसरं टोक पाहा. त्याच व्होल्टेजवर पंखाही मंदावतो. बिया उचलल्याच जात नाहीत. तळाच्या बिया गरम झोतात एकाच कुशीवर पडून राहतात आणि त्यांना काळे डाग पडतात. वरच्या बियांपर्यंत खाली येण्याचा फेरा पोचतच नाही, आणि एकूण उष्णता कमी असल्याने त्या कच्च्या राहतात. कढईत रवा भाजताना झारा थांबवला तर गॅस बारीक असूनही खालचा रवा लागतो, तेच. भाच्याने डाग पाहिले आणि उष्णता जास्त आहे असं समजला. हीटर आणखी कमी केला असता तर पूर्ण घाणा वाया गेला असता.

तपासायची सोपी खूण: बिया नीट फिरत असताना सगळीकडे सारखा काळपटपणा आला तर उष्णता जास्त. बिया फिरत नसताना एका बाजूला डाग पडले तर हवा कमी. दुसरं काही बदलायच्या आधी वजन कमी करून पाहा. ८० ग्रॅमऐवजी ७० घाला. हिरवी बी जड असते. भाजताना तिचं वजन घटतं आणि ती फुगते, त्यामुळे एकदा दोन मिनिटं निभावली की पुढे बिया आपोआप जास्त नाचतात. ती पहिली दोन मिनिटं लाकडी डावाच्या दांड्याने ढवळलं तरी पुष्कळ फरक पडतो.

ऋतूंचंही असंच आहे. हीटर हवेला ठरावीक तापमानाला नेत नाही, आत आलेल्या हवेच्या तापमानात भर घालतो. गॅलरीत डिसेंबरच्या पहाटे १२ अंश असतात आणि एप्रिलच्या दुपारी ३८. बियांवर जाणारी हवाही साधारण तेवढ्याच फरकाने थंड किंवा गरम असते. थंडीत यंत्र म्हातारं झालंय असं वाटलं तर ते आत आणून भाजून पाहा, मात्र खिडकी उघडी ठेवून.

"पण मी तर चांगलं एक्स्टेंशन वापरतो"

लोक वायरच्या लांबीला दोष देतात. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या दहा मीटर वायरमध्ये पाच अँपिअरला दोनेक व्होल्टच पडतात. खरा चोर असतो सैल झालेलं सॉकेट. भाच्याकडे संध्याकाळी मशीन बंद असताना २१६ व्होल्ट होते आणि सुरू केल्यावर २०९. सात व्होल्ट वाटेत कुठेतरी जात होते. पावणेपाच अँपिअरने गुणलं तर तीसेक वॉट होतात, एका सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता. त्यातली बरीचशी सॉकेटच्या एका सैल पत्रीत. प्लग काढून पाहिला तर पिन तपकिरी झाली होती आणि प्लास्टिक मऊ. कॉफी राहू दे, तिथे आग लागली असती.

म्हणून मशीन बंद आणि सुरू, असं दोन्ही वेळा मोजा. फरक चार-पाच व्होल्टच्या वर असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या वाड्यांतल्या वायरिंगवर तर हे मोजल्याशिवाय भाजूच नका.

मध्येच बंद पडलं तर

दोन रक्षक असतात आणि त्यांच्यातला फरक कळणं महत्त्वाचं आहे. एक थर्मोस्टॅट: दोन धातूंची पट्टी तापली की वाकते आणि करंट तोडते, थंड झाली की पुन्हा जोडते. दुसरा थर्मल फ्यूज: ठरावीक तापमानाला एकदाच तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. पंधरा मिनिटांनी मशीन आपोआप सुरू झालं तर थर्मोस्टॅट, कायमचं गेलं तर बहुधा फ्यूज.

दोन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: हवा अडली. हवा आत घ्यायची जाळी तळाला असते आणि भाजताना बीवरून सुटून उडालेली पातळ फोलपटं तिथेच ओढली जातात. पाच-सहा घाण्यांनंतर जाळीवर त्यांचा थर बसतो. मऊ ब्रशने साफ करा, मशीन दोन विटांवर उचलून ठेवा, दोन घाण्यांमध्ये वीस मिनिटं जाऊ द्या.

आता माझ्या मनातली सगळ्यात मोठी काळजी. तापकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, कुणीही सांगेल, "फ्यूज डायरेक्ट करून टाका." तसं करू नका. थर्मोस्टॅट पॉपकॉर्नच्या हिशोबाचा असतो आणि कॉफीला तो आड येतो, हे खरं आहे. समोर उभं राहून भाजणारे अनुभवी लोक त्याच्या जागी जास्त तापमानाचा बसवतात. पण थर्मल फ्यूज हा शेवटचा पहारेकरी आहे. त्याच्या अंगावर तापमान आणि अँपिअर छापलेले असतात, तोच आकडा पाहून नवीन घ्या. तो सोल्डर करायला गेलात तर बसवतानाच उडतो. त्याच्या दोन टोकांना पकडीने दाबून बसणारी धातूची स्लीव्ह लावावी लागते. अनेकांचा "नवा फ्यूजही खराब निघाला" याचं कारण सोल्डरिंग आयर्न असतं.

थर्मामीटर खोटं बोलतंय का

एकाला पहिला तडतडाट १८८ला ऐकू येतो, दुसऱ्याला २१२ला, आणि दोघं एकमेकांना चूक ठरवतात. दोघांचीही बी साधारण एकाच तापमानाला तडकते. फरक सळईच्या जागेचा असतो. सळई बियांच्या गर्दीत रुतलेली असेल तर बीच्या जवळचा आकडा मिळतो. वर हवेत लटकत असेल तर हवेचा. जाड सळई उशिरा तापते म्हणून मागचं तापमान दाखवते. दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका. आपल्या यंत्रावर तडतडाट कुठे होतो तो आकडा लिहून ठेवा आणि पुढचं त्यावरून मोजा.

थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड, वापरत असाल तर आणखी एक तपासणी. गरम केल्यावर आकडा खाली जात असेल तर तारा उलट जोडल्यात. थर्मोकपल ते मीटर हे अंतर साध्या तांब्याच्या वायरने लांबवलं असेल तर, जोड यंत्राजवळ तापतो तितकी चूक आकड्यात शिरते.

उकळत्या पाण्यात धरून पाहणं ही चांगली चाचणी आहे. पण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. १०० दिसलं नाही म्हणून चांगलं थर्मामीटर टाकून दिलेले लोक मला भेटले आहेत.

आणि थर्मामीटर नसेल तर? तराजू वापरा. माझा तर त्याच्यावरच जास्त विश्वास आहे. भाजण्याआधी आणि थंड झाल्यावर वजन करा. घट १२-१३ टक्के असेल तर हलकी भाजणी, १५-१६ मध्यम, १८च्या वर गडद. ८० ग्रॅमचे ६८ झाले की १५ टक्के. बाहेरून गडद दिसतंय पण घट ११ टक्केच आहे, तर बाहेर घाईने भाजलं आणि आत कच्चं राहिलं. एक बी फोडून आतला रंग पाहा, लगेच कळेल.

ओव्हन आणि ब्रेड मशीन

ओव्हनच्या फिरत्या सळईवर जाळीचा डबा बसवणाऱ्यांची अडचण वेगळी. ती मोटर मिनिटाला चार-पाच फेऱ्यांची, कोंबडीसाठीची. बियांना त्याच्या दहापट वेग लागतो. बाहेरून वेगळी गिअर मोटर लावल्याशिवाय समान भाजणं जमत नाही, आणि डब्यात आडव्या पट्ट्या नसतील तर बिया नुसत्या घसरत राहतात. शिवाय ओव्हनचा हीटर आपोआप बंद-चालू होतो, त्यामुळे मघाचा कात्रजचा प्रकार हमखास.

ब्रेड मशीनच्या भांड्यात बिया ढवळत ठेवून वरून हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारं हत्यार, धरायची, ही रचना मला आवडते. झारा आणि शेगडी वेगवेगळ्या होतात. फक्त भांडं नॉनस्टिक असेल तर जपा. टेफ्लॉन साधारण २६० अंशांच्या पुढे विघटित व्हायला लागतं आणि हीट गनचा झोत त्याच्या दुप्पट गरम असू शकतो. त्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मरतात. स्टीलचं भांडं बसवता आलं तर उत्तम. नाही तर झोत बियांवरच राहील, कडेला लागणार नाही, एवढं पाहा.

"आकडा शून्य दाखवतोय, तरी तापतंय"

तापमान आपोआप सांभाळायला लोक कंट्रोलर आणि सॉलिड स्टेट रिले बसवतात. हा रिले म्हणजे हलणारे भाग नसलेला स्विच. त्याची खोड ही की तो मरताना बहुतेक वेळा चालू अवस्थेत मरतो. कंट्रोलर बंद म्हणतो आणि हीटर चालूच राहतो. पाच अँपिअरला त्याच्यातच सहाएक वॉट उष्णता तयार होते, म्हणून त्याला ॲल्युमिनियमची पंखेदार पट्टी लागतेच. लाकडी फळीवर ठोकून बसवलेला मी स्वतः पाहिला आहे. भट्टीवर आम्ही नेहमी दोन कुलपं ठेवायचो, एक रोजचं आणि एक त्याच्याशी काही संबंध नसलेलं. इथे ते दुसरं कुलूप म्हणजे तोच थर्मल फ्यूज.

यंत्र प्लास्टिकच्या अंगातून काढून स्टीलच्या डब्यात बसवलं असेल तर तीन पिनचा प्लग आणि डब्याला अर्थिंग सक्तीचं. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, आहे का पाहा. एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की पडणारा स्विच, वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो.

"एवढा खटाटोप कशाला? कढईत भाजा की"

भाजता येते, आणि सुरुवातीला एकदा तरी भाजावीच. रंग, वास आणि आवाज यांची ओळख कढईत जितकी होते तितकी कुठे होत नाही. पण पंधरा मिनिटं हात थांबवता येत नाही आणि धूर तोंडावर येतो. बीचा एकच चपटा भाग तव्याला टेकतो, त्यामुळे समान भाजणं हाताच्या सवयीवर राहतं. हवेवर भाजताना फोलपटंही आपोआप उडून जातात. ती पटकन पेटतात, म्हणून गॅलरीत वाळत घातलेले कपडे आणि पडदे लांब. पेटलंच तर प्लग ओढा, पाणी ओतू नका. शेजारच्या काकूंना धुराचा त्रास होणार असेल तर दुपारची वेळ त्यांच्याशी बोलून ठरवा. मध्यम भाजणीला धूर बराच कमी होतो.

आणि भाजून झालं की घाई करा. बी आतून तापलेली असते आणि ताटलीत ठेवली तरी भाजत राहते. तांदूळ धुवायच्या रोळीत ओतून टेबल फॅनखाली हलवली की तीन-चार मिनिटांत हाताला गार लागते. "यंत्र पुढे पळतंय" ही तक्रार अनेकदा फक्त थंड करायला उशीर झाल्याची असते.

भाच्याच्या यंत्राचं काय झालं

आधी सॉकेट बदललं आणि मशीन १६ अँपिअरच्या पॉइंटवर नेलं. संध्याकाळी २१४ मिळायला लागले. मग पंखा हीटरपासून सोडवला: सकाळी नीट चालताना मोटरवर किती व्होल्ट येतात ते मोजलं होतं, तेवढ्याचा चांगला एसएमपीएस अडॅप्टर घेतला. तो आत २०० व्होल्ट येवोत की २४०, बाहेर तेवढेच देतो. पंख्याच्या अडॅप्टरवर एक छोटा रिले बसवला, म्हणजे पंख्याला वीज नसेल तर हीटरला मिळतच नाही. ही जोडणी त्याने ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला समोर बसवून करून घेतली, ते बरं केलं.

परवा त्याने संध्याकाळी आठला भाजलेली कॉफी पाठवली. डब्यावर चिठ्ठी होती: २१२ व्होल्ट, ७० ग्रॅमचे ५९.५, तडतडाट साडेसहा मिनिटांना. डाग एकाही बीवर नव्हता.